ऑटोमॅटिक गाडीत स्टेअरिंगमागचे पॅडल नेमके कधी वापरायचे? तुळजापूर घाटात ब्रेकचा वास आला

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. ऑटोमॅटिक गाडी घेऊन दोन महिने झाले, पेट्रोल दीड लिटर, सहा गियरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातनं ताकद पुढं देणारा ऑटोमॅटिक गियरबॉक्स. स्टेअरिंगच्या मागं दोन पॅडल हायेत, डावीकडं मायनस उजवीकडं प्लस. गाडी घेताना विचारलं तर सेल्सवाला म्हणला ते तरुण पोरांच्या हौसेसाठी असतंय सर, तुम्ही डी मध्ये, म्हणजे ड्राइव्हला, टाका आणि निवांत चालवा. म्हणून मी आजपर्यंत हातच लावला नाही.

मागच्या रविवारी अण्णा, आई आणि मावशीला घेऊन तुळजापूरला गेलतो. जाताना काय वाटलं नाही. दर्शन झालं, येताना घाट उतरायला लागलो तर गाडी नुसती पळायलीय, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी वेग कमी व्हईना, मग ब्रेक, सोडला की परत पळायलीय, परत ब्रेक, असं करत करत खाली आलो. चहाला थांबलो आणि उतरलो तर पुढच्या चाकातनं जळका वास. मावशी म्हणली कुठं रबर जळालं बघ.

आमचे अण्णा एसटीत ३१ वर्ष ड्रायव्हर होते. त्यांनी चाकापाशी नुसता तळहात नेला, लावला पण नाही, आणि म्हणले सगळा घाट ब्रेकवर उतरवलास तू. ज्या गियरात चढतो त्याच गियरात उतरायचं असतंय, एवढं तर लहानपणापासनं सांगतोय तुला. मी म्हणलो अण्णा ह्याच्यात गियर टाकायचेच नसतेत, गाडीच टाकती. त्यावर ते काय बोलले नाहीत. पण पुढं घरापर्यंत माझ्या शेजारी बसून त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबलेलाच होता, जसा काय तिथं ब्रेक हाय. ते बघून मला लई वाईट वाटलं, ज्या माणसाच्या गाडीत पन्नास-पन्नास लोकं झोपून जायची तो माणूस माझ्या गाडीत जीव मुठीत धरून बसलाय.

तर विचारायचं हे की ह्या पॅडलनं तसं खालचा गियर टाकून उतरता येतंय का? त्यानं गियरबॉक्सला काय होतंय का, वॉरंटीत काय अडचण येत्या का? चुकून जास्तच खालचा गियर पडला तर इंजिन फुटल का? आणि घाट सोडून आपल्या सोलापुरात त्याचा काय उपयोग हाय का नुसतंच दिलंय? कुणी रोज वापरत असल तर सांगा.

अशोकचौक_गॅरेज

दादा, पहिलं सांगतो, अण्णा बरोबर हायेत आणि तुमच्या गाडीत गियर हायेत. सहाच्या सहा हायेत. फक्त कुठला कधी टाकायचा ते डी मध्ये गाडी ठरवती, आणि गाडी कशावरनं ठरवती तर तुमचा पाय किती दाबलाय आणि वेग किती हाय ह्यावरनं. तुम्ही घाटात पाय काढला की तिला वाटतंय मालकाला आता ताकद नको, म्हणून ती मायलेजसाठी वरचा गियर टाकती. पाचवा नाहीतर सहावा. इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या खाली फिरायलंय, चाकाला धरून ठेवायला त्याच्यात दमच नाही, आणि गाडी पळायली. पुढं उतार किती लांब हाय, वळणावर ट्रक हाय का, हे तुम्हाला दिसतंय, गियरबॉक्सला दिसत नाही. पॅडल त्याच्यासाठीच हाय. काही गाड्या उतारावर सारखा ब्रेक दाबला तर आपोआप एक गियर खाली येतेत पण त्याच्या भरवशावर घाट उतरू नये, आपण आधीच खाली आणावा.

आता करायचं काय. घाट सुरू व्हायच्या आधी, पळायला लागल्यावर नाही, आधी, ब्रेक मारून वेग पन्नासच्या खाली आणा, लिव्हर एम वर, म्हणजे मॅन्युअलला, घ्या आणि डावं पॅडल दाबत तिसऱ्यावर या. तुमच्यासारख्या गाडीला तिसऱ्यात ४५ च्या वेगाला इंजिनच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजाराच्या आसपास राहील. जोरात आवाज येईल, घाबरायचं नाही, ते इंजिन सहा हजारापर्यंत फिरायला बनवलंय. तरीपण वेग वाढायलाच लागला तर दुसरा. ब्रेक लागतोच, पण मधी मधी, वळणाच्या आधी एकदा घट्ट दाबून वेग पाडायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा. नुसता पाय टेकवून ठेवायचा नाही, त्यानंच डिस्क तापती.

तुमच्या चाकाला जो वास आला तो ब्रेक पॅडचा. पॅड तापले की त्यांची पकड कमी होती, तुम्ही दाबताय पण गाडी थांबत नाही असं व्हायला लागतंय. त्याच्या पुढची पायरी वाईट, ब्रेक ऑइल उकळतंय. ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतंय वर्षानुवर्ष. डॉट ४ ह्या प्रकारचं नवीन ब्रेक ऑइल कमीत कमी २३० डिग्रीला उकळायला पाहिजे असा नियम हाय, तेच पाणी धरलेलं असलं की १५५ चा हिशोब धरतेत. डॉट ३ तर अजून खाली, २०५ आणि १४०. उकळलं की पाईपात बुडबुडे होतेत आणि पॅडल, म्हणजे पायातलं ब्रेकचं पॅडल, फरशीला टेकतंय, गाडी थांबतच नाही. तुळजापूरचा घाट छोटा हाय म्हणून वासावर निभावलं. तेच आंबा घाट नाहीतर पसरणी असता तर वेगळं झालं असतं.

गियरबॉक्सला काय होत नाही. कंपनीनं दिलेली गोष्ट हाय ती, वॉरंटीचा संबंध येत नाही. आणि चुकून जास्त खालचा गियर मागितला तर कॉम्प्युटर देतच नाही, इंजिन जास्त फिरल असं दिसलं की तो नकार देतो, काही गाड्यात बीप वाजतंय. वेग कमी झाला की परत दाबा, मग पडतो. त्यामुळं इंजिन फुटायची भीती काढून टाका.

आणि एक हात जोडून सांगतो, उतारावर न्यूट्रल करू नका. आपल्याकडं पेट्रोल वाचतंय म्हणून करणारे लई लोकं हायेत. उलटं हाय ते. गियरात असताना पाय काढला की इंजेक्टर बंदच होतेत, चाकंच इंजिनला फिरवतेत, पेट्रोल जातच नाही. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंय. मीटरवरचं त्या क्षणाचं मायलेज लावून बघा, उतारावर गियरात पाय काढला की पट्टी शेवटाला जाऊन बसती.

जुळेसोलापूरकर

दादा एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, सर्व्हिसला गेलतो तिथं पण नाही. एक शंका, एम वर घ्यायलाच पाहिजे का? डी मध्ये असतानाच मी घरासमोर पॅडल दाबून बघितलं तर मीटरवर गियरचा आकडा आला आणि थोड्या वेळानं परत गेला.

अशोकचौक_गॅरेज

डी मध्ये दाबलं की तेवढ्यापुरतं तुमचं ऐकती, मग तिला वाटलं की परत आपल्या मनानं चालती. ओव्हरटेकला ते पुरतं. घाटात नाही, कारण मधीच तिनं परत वरचा गियर टाकला तर ऐन वळणात गाडी सुटल्यासारखी वाटती. एम मध्ये असलं की तिसरा म्हणजे तिसरा. खाली उतरलं की लिव्हर परत डी वर घ्यायला विसरू नका, हे पहिल्या आठवड्यात सगळेच विसरतेत आणि हायवेला तिसऱ्यात ८० नं जात म्हणतेत गाडी आवाज का करायलीय.

प्रत्येक गाडीचं थोडं थोडं वेगळं असतंय, मॅन्युअलमधली दोन पानं असतेत फक्त, एकदा वाचून घ्या.

पुणे_सोलापूर_दर_शुक्रवारी

घाटाचं वर आलंच आहे, मी सपाट रस्त्याचं सांगतो, कारण आपल्या सोलापूरकरांना घाट वर्षातून चारदा आणि उसाच्या ट्रॉल्या रोज.

माझी होंडा सिटी सीव्हीटी आहे. पुणे हायवेला पॅडल लागत नाही, चारपदरी आहे, मोहोळ टेंभुर्णी इंदापूर भिगवण करत डी मध्ये निवांत जाते गाडी. पण सासुरवाडी बार्शीला आहे, आणि तिकडं हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्या पण अशा भरलेल्या की ऊस दोन्हीकडून बाहेर लोंबतोय, संध्याकाळी मागं लाईट नाही रिफ्लेक्टर नाही. त्याच्यामागं तुम्ही तीसनं चाललाय. समोरचा रस्ता मोकळा दिसला की लोक काय करतात, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात. मग गाडी विचार करते, गियर खाली आणते, आणि तोपर्यंत एक सेकंद सव्वा सेकंद गेलेला असतो आणि तुम्ही अर्धे उजव्या बाजूला आलेले असता. तो एक सेकंद फार मोठा असतो, समोरून येणारा पण ऐंशीनं येत असतो.

मी आधी काय करतो, ट्रॉलीच्या मागं अंतर ठेवून, अजून बाहेर काढलेली नाही गाडी, तेव्हाच डावं पॅडल दोनदा. काटा वर येतो, गाडी तयार असते. रस्ता मोकळा दिसला की बाहेर काढून दाबायचं, त्याच क्षणी ओढते. आणि मोकळा नाही दिसला तर काही बिघडलं नाही, मागंच राहायचं. दोन ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून लांबी किती होते ते विसरू नका, एक गाडी ओव्हरटेक करतोय असा अंदाज धरला की चुकतो. पॅडल आहे म्हणून जिथं जायला नको तिथं जाऊ नका.

बाकी सीव्हीटीत खरे गियर नसतात, दोन पुल्या आणि पट्टा, पॅडल दाबलं की कॉम्प्युटर सात ठरावीक टप्प्यांवर पुली धरून ठेवतो. पण इंजिन ब्रेकिंग मिळतं, उतारावर मी वापरलंय.

हिप्परगा_तळं

मी थोडा वेगळा बोलतो, राग नसावा. माझी ऑटोमॅटिक चार वर्षाची आहे, नव्वद हजार किलोमीटर झाले, पॅडलला बोट पण लावलेलं नाही आणि काही अडलं नाही. तुळजापूरला महिन्यातून एकदा जाणं होतं. गाडी ऑटोमॅटिक घ्यायची आणि परत गियर आपणच टाकायचे तर मग मॅन्युअलच घ्यायची ना, लाख दीड लाख वाचले असते. हळू चालवा, चाळीसनं उतरा, ब्रेक तापत नाही.

अशोकचौक_गॅरेज

हळू चालवा हे शंभर टक्के बरोबर. पण तुम्ही एकटे जाताय का पाच माणसं आणि डिकी भरून जाताय, ह्यानं लई फरक पडतो. रिकाम्या गाडीला चाळीसनं ब्रेकवर उतरवलं तर काय होत नाही. भरलेल्या गाडीचं वजन तीनशे चारशे किलोनं वाढतंय आणि ते सगळं ब्रेकलाच धरायचं असतंय. पॅड कितीला बदलले तेवढं सांगा.

हिप्परगा_तळं

पुढचे दोनदा बदलले. पहिले ३२ हजाराला. बरोबर आहे, तेव्हा गॅरेजवाला म्हणाला होता की लवकर गेले. मला वाटलं ऑटोमॅटिकला असंच असतं. पुढच्या खेपेला तिसऱ्यात उतरवून बघतो.

अशोकचौक_गॅरेज

ऑटोमॅटिकला गावातल्या ट्रॅफिकमुळं थोडे लवकर जातेतच, सगळा दोष घाटाचा नाही. पण बघा वापरून.

लाल_घोडा_८९

ह्या पॅडलचा जन्म कुठला ते कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो, मला ह्या विषयाचं लहानपणापासून वेड आहे. फॉर्म्युला वन मध्ये १९८९ साली फेरारीनं ६४० नावाची गाडी आणली, जॉन बर्नार्ड नावाच्या इंजिनिअरची कल्पना. तोपर्यंत ड्रायव्हर एक हात काढून लिव्हरनं गियर टाकायचे. बर्नार्डनं स्टेअरिंगच्या मागं दोन पॅडल दिले. टेस्टिंगमध्ये गाडी सारखी बंद पडायची, पूर्ण रेस धावेल अशी कुणाला खात्री नव्हती, आणि ब्राझीलला पहिल्याच रेसला नायजेल मॅन्सेल ती जिंकून बसला. मग काही वर्षांत सगळ्यांनीच तसं केलं. रस्त्यावरच्या फेरारीत १९९७ ला एफ ३५५ मध्ये आलं. आणि आज ब्रेझात, एर्टिगात, नेक्सॉनमध्ये, क्रेटात मिळतं.

म्हणून लोकांना वाटतं रेसची वस्तू आहे. पण फायदा बघा, वळणात दोन्ही हात स्टेअरिंगवर राहतात. आता घाटातलं हेअरपिन वळण डोळ्यासमोर आणा, डाव्या बाजूला दरी, समोरून एसटी. तिथं डावा हात लिव्हरकडं न्यायला नको, ह्याच्यापेक्षा उपयोगाची गोष्ट कुठली. फक्त एक, स्टेअरिंग जास्त वळवलेलं असताना पॅडल पण त्याच्याबरोबर फिरलेलं असतं, डावं कुठलं उजवं कुठलं गोंधळ होतो. गियर वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर टाकायचा, वळणात नाही.

अक्कलकोट_अपडाऊन

मी रोज सोलापूर अक्कलकोट करते, शाळेत शिक्षिका आहे. माझी एएमटी आहे आणि त्यालाही पॅडल आहेत, तर त्याबद्दल थोडं.

एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच गियरबॉक्स, फक्त क्लच आणि गियर यंत्र टाकतं. त्यामुळं पॅडल दाबलं की लगेच पडत नाही, आधी क्षणभर गाडी सैल पडते मग पुढं ओढते, मानेला झोका बसतो. पॅडल दाबताना अॅक्सिलरेटर किंचित सोडला तर झोका कमी बसतो, हे मला सहा महिन्यांनी कळलं. वरच्या दादांनी ओव्हरटेकचं सांगितलं ते एएमटीला तर अजूनच लागू आहे, कारण आपली गाडी मुळातच उशिरा ऐकते.

दुसरं पावसाचं. ओल्या रस्त्यावर, त्यातही पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा, पटापट दोन तीन गियर खाली आणू नका. इंजिन ब्रेकिंग फक्त इंजिन ज्या चाकांना जोडलंय त्यांनाच लागतं, आपल्या बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन, आणि ती एकदम घसरू शकतात. एक गियर, थोडं थांबा, मग दुसरा.

आणि तिसरं, हे फार कमी लोक बोलतात. पॅडलनं वेग कमी केला की मागचे ब्रेक लाईट लागत नाहीत! मागच्या ट्रकवाल्याला कळतच नाही की तुम्ही हळू झालात. माझ्या मागं एकदा टँकर इतका जवळ आला होता की आरशात नुसती जाळीच दिसत होती. तेव्हापासून पॅडल दाबताना ब्रेकला हलका पाय लावते, लाईट लागण्यापुरता, आणि मग सोडते. पौर्णिमेला, नवरात्रात कडेनं माणसं चालत असतात तेव्हा तर मागच्याला आधीच कळलेलं बरं.

अशोकचौक_गॅरेज

ताई, ब्रेक लाईटचं एक नंबर सांगितलंत, मी लिहायला विसरलो होतो. सगळ्यांनी वाचा हे.

चादर_गल्ली

ईव्ही वाल्यांसाठी पण सांगा की कुणीतरी. माझ्या नेक्सॉन ईव्हीला पण स्टेअरिंगमागं पॅडल आहेत, गियर तर नाहीतच त्याच्यात.

पुणे_सोलापूर_दर_शुक्रवारी

त्यात पॅडलनं रीजन कमी जास्त होतं, शून्य ते तीन. पाय काढला की मोटर उलटी जनरेटर होते, गाडी धरून ठेवते आणि बॅटरीत चार्ज परत टाकते. घाटात तीनवर ठेवा, काम तेच, वर चार्ज मिळतो. पण एक ध्यानात ठेवा, बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, रीजन फार कमी लागतो. तुळजापुरात फुल चार्ज करून लगेच घाट उतरायला घेतला तर गाडी नेहमीसारखी धरत नाही, माणूस बिचकतो. वर ऐंशीपर्यंतच चार्ज करा, उतरताना थोडा मिळतोच.

बाळी_वेस

गावात वापरता का कुणी? सात रस्त्याला, पार्क चौकात?

अशोकचौक_गॅरेज

गावात गरज नाही. डी मध्ये राहू द्या. सात रस्त्याच्या सिग्नलला पॅडल खेळत बसलात तर नुसता बोटाला त्रास. गावात एकच जागा, रेल्वे पूल किंवा फ्लायओव्हर चढताना गाडी तिसरा चौथा तिसरा चौथा असं करायली असल तर एकदा मायनस दाबून तिसऱ्यावर धरा. घाट चढताना पण तेच करा, भरलेल्या गाडीत एसी चालू ठेवून मे महिन्यात चढायलाय, बाहेर ४२ डिग्री, त्यात गाडी वरच्या गियरमध्ये कन्व्हर्टर घसरवत ओढायली तर गियरबॉक्सचं तेल तापतंय. खालच्या गियरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण तेलाला त्रास कमी.

डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गियरबॉक्स वाल्यांना वेगळं सांगतो, पॅडल तुमचं सगळ्यात चपळ, कारण पुढचा गियर त्यानं आधीच तयार ठेवलेला असतो. पण चढावर ट्रॅफिकमध्ये अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच तापतात. ब्रेक दाबून थांबायचं. ह्यात पॅडल काही मदत करत नाही.

जुळेसोलापूरकर

मंडळी, परत आलो. आज पहाटे अण्णांना घेऊन परत तुळजापूरला गेलतो, दोघंच. तुमचं सगळं काल रात्री त्यांना वाचून दाखवलं. ब्रेक ऑइल १५५ डिग्रीवर आलं की मला थांबवून म्हणले हे आम्हाला कुणी आकड्यात सांगितलं नव्हतं, पण पाय मऊ लागला की गाडी कडेला घ्यायची एवढं उस्तादनं शिकवलेलं होतं. न्यूट्रलचं ऐकून तर त्यांना लई समाधान वाटलं. त्यांच्या वेळी डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे होते आणि अण्णा त्यांच्याशी भांडायचे.

घाट चढताना मी एम वर घेतलं, तिसऱ्यात चढला, आवाज आला पण मधी ते गियर बदलायचं हिसके देणं अजिबात नाही. देवीचं दर्शन झालं, आणि परत निघताना मी किल्ली अण्णांकडं दिली. दोन महिन्यात त्यांनी ही गाडी एकदा पण चालवली नव्हती, डावा पाय मोकळा ठेवायचा त्यांना जमत नाही म्हणायचे. मी सांगितलं डावा पाय मागं घेऊन ठेवा, आणि क्लचचं काम आता डाव्या हाताचं एक बोट करणार.

घाटाच्या तोंडाला त्यांनी ब्रेक मारून चाळीसवर आणली. पॅडल दाबलं, चौथा. परत दाबलं, तिसरा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी अशी धरली गेली की मला सीटमध्ये बसल्या बसल्या कळलं. अण्णांचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. काय बोलले नाहीत, फक्त मान हलवली. एका ठिकाणी उतार जास्त हाय तिथं त्यांनीच दुसरा मागितला, गाडी लगेच देईना, बीप वाजलं. त्यांनी ब्रेक थोडा दाबला, परत मागितला, पडला. म्हणले शहाणी हाय, वेग जास्त असताना मी पण टाकला नसता. पूर्ण घाटात ब्रेक मी मोजला, सहा वेळा. मागच्या खेपेला मी मोजला असता तर पन्नास झाला असता. ताईंनी सांगितल्यासारखं मागनं ट्रक आला तेव्हा लाईटपुरता पाय लावला, ते तर मी सांगायच्या आधीच.

खाली त्याच चहाच्या टपरीला थांबलो. चाकाजवळ हात नेला, गरम होतं पण वास नाही. मग हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत त्यांनीच चालवली, तिथं म्हणले आता तू घे, आणि घरापर्यंत झोपले. खरंच झोपले, घोरत.

आता मे महिन्यात रत्नागिरीला जायचं ठरतंय, मंगळवेढा सांगोला मिरज कोल्हापूर करून आंबा घाटानं. सहा माणसं म्हणत होते, अण्णा म्हणले पाचच, डिकीत पण कमी सामान. अशोक चौकातल्या दादांना विचारायचं, त्याच्या आधी काय काय बघून घेऊ? ब्रेक ऑइल तर गाडी नवीनच हाय ना.

अशोकचौक_गॅरेज

वाचून लई बरं वाटलं दादा. अण्णांना माझा नमस्कार सांगा.

ऑइल नवीन हाय, नियमानं दोन वर्षानी बदला. पण पुढचे पॅड उघडून बघून घ्या, त्या दिवशी तापलेत म्हणजे वरचा थर काचेसारखा गुळगुळीत झालेला असू शकतो, तसा झाला असल तर पकड कमी मिळती, घासून नाहीतर बदलून घ्यायला लागतंय. टायरची हवा पाच माणसांच्या वजनाप्रमाणं भरा, ड्रायव्हरच्या दरवाजाच्या आतल्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतोय. आंबा घाट तुळजापूरपेक्षा कितीतरी लांब हाय, वळणं पण जास्त, तिथं दुसऱ्या तिसऱ्यातच खेळायचं. आणि घाटाच्या वर आंब्यात थांबून चहा घ्या, म्हणजे अण्णा ताजे होतेत उतरवायला.

जुळेसोलापूरकर

मंगळवारी सकाळी चाकं उघडायला आणतो. अण्णा पण येणार म्हणतेत, पॅड त्यांना स्वतः बघायचेत.